मतलई

संध्याकाळी साडेसहाला उडतात ते.
भाताच्या शेंड्यावर चढून पाय झटकायचे,
एवढंच काय ते त्यांच्या हातात.
पुढचं सगळं वाऱ्याचं.

तीन मिलिमीटरचा तपकिरी तुडतुडा
घाट उतरून येतो म्हटलं की लोक हसतात.
पहिल्या वर्षी मीही हसले होते
दापोलीच्या या खोलीत, जिथे पंखा फिरतो
आणि वारा फक्त पडद्यावर असतो:
निळे बाण, तासातासाने वळणारे.

मॉडेलमधला सह्याद्री बुटका आहे.
नऊ किलोमीटरच्या चौकोनात कडे मावत नाहीत,
म्हणून घासून गुळगुळीत केलेत, लोडासारखे.
मुर्डीचा चौकोन तर निम्मा समुद्रात.
तिथलं भात मॉडेल मीठ लावून मोजतं.

मुर्डीत सापळा सुमती गोताडकडे.
दोनशेचा बल्ब, खाली नरसाळं, त्याखाली बरणी.
सकाळी ती बरणी उलटते
गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर.
शंभर तुडतुडे झाले की एक चिंचोका बाजूला.
"आज दोन चिंचोके नि वर थोडे," म्हणते फोनवर.
त्या 'थोडे'चं काय लिहायचं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लांब पंखांचे, ते आलेले.
आखूड पंखांचे इथेच जन्मलेले.
मुक्काम मानवला की त्यांच्या लेकींना
पुरते पंख फुटतच नाहीत.
हे सुमतीने सांगितलं. पुस्तकात मला नंतर सापडलं.

आश्विनात वारा फिरला.
दिवसा खारा, रात्री मतलई,
हे इथलं शेंबडं पोर सांगेल;
मॉडेलला त्यासाठी अडीच तास लागले.
मग मी भोर-वेल्ह्याच्या खाचरांतून
तेराशे रेषा सोडल्या,
तेराशे खोटे तुडतुडे.
हजार मुर्डीवर उतरले, रात्री दहाच्या सुमारास.
तीनशे निसटून पुढे पाण्यात गेले.

समुद्रात भात नाही.
म्हणून त्या तीनशे मी पुसल्या.
नकाशा स्वच्छ दिसायला लागला.

इशारा गेला: खाचरातलं पाणी काढा,
बुंध्याशी वाकून बघा, पंप भरून ठेवा.
गरवं भात पोटरीत होतं.
अशा दिवसांत पाणी सोडायला जीव होत नाही.
गजानन भुवडने बांध फोडता फोडता
मला शिव्या दिल्या, सुमतीला ऐकू जातील अशा.

सकाळी फोन:
"एकपण चिंचोका नाही ओ, मॅडम.
अकरा तुडतुडे. थोडे पतंग. एक पाल."

अकरा.

दिवसभर मी बाण उलटे चालवले.
सगळे बरोबर होते.

तिसऱ्या दिवशी हर्णैच्या जेटीवर
सुरमईच्या भावावरून घासाघीस चाललेली,
आणि शेजारी काशिनाथ वासावे बर्फ फोडत
कुणाला तरी सांगत होता:
परवा रात्री, अठरा वाव पाण्यात,
दिव्याखाली तीळ ओतावे तसे किडे.
जाळ्यावर, डोळ्यांत, ताटातल्या भातावर.
"डेक धुतला तर तपकिरी पाणी निघालं.
जेवलोच नाय आम्ही."

किती वाजता, मी विचारलं.
"चंद्र यायच्या आधी."
कुठे?
त्याने बर्फाच्या टोच्याने
जेटीच्या फरशीवर ओली रेघ ओढली,
किनाऱ्यापासून पश्चिमेला, किंचित खाली झुकणारी.
ती मी ओळखली.
खरा सह्याद्री लोड नाही,
वारा तिथून घरंगळत नाही, पडतो,
आणि पडलेला वारा मुर्डीला थांबत नाही.
रेघ वाळेपर्यंत मी तिथेच उभी होते.
सुरमई दुसऱ्याच कुणी नेली.

आता समुद्राच्या चौकोनात एक ठिपका आहे:
वासावे, डेकवरचा दिवा.
केंद्राची समुद्रसपाटीपासून उंची, मॉडेल विचारतं.
मी लिहिते, भरतीप्रमाणे.
ते घेत नाही. मी पुन्हा लिहिते.

गजानन भुवडला अजून फोन केलेला नाही.